थरांचा पेहराव (थंडीतील पदभ्रमण)

थंड हवामानात डोंगर चढताना एकाच जाड कपड्याऐवजी एकावर एक घालता येतील आणि वाटेत सहज काढता येतील असे अनेक पातळ कपडे वापरण्याची पद्धत. साधारणपणे तिचे तीन भाग मानतात : अंगालगत राहून घाम टिपणारा थर, ऊब धरून ठेवणारा मधला थर आणि वारा, पाऊस, बर्फ अडवणारा बाहेरचा थर. ट्रेकर मंडळी त्यांना अनुक्रमे बेस लेयर, मिड लेयर आणि शेल म्हणतात. याशिवाय थांब्यावर घालायचे एक जाड जॅकेट सॅकमध्ये वेगळे ठेवलेले असते. ही सगळी तयारी उबेसाठी आहे असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात तिचे पहिले काम अंग कोरडे ठेवणे हे आहे, आणि कपड्यांची निवड, क्रम, घालण्या-काढण्याची वेळ या सगळ्या गोष्टी त्यातूनच ठरतात.

उष्णतेचा हिशोब

कापड स्वतः ऊब निर्माण करत नाही. ऊब शरीराची असते. तंतूंमध्ये आणि दोन कपड्यांच्या मध्ये अडकलेली स्थिर हवा ती बाहेर जाऊ देत नाही. म्हणून तीन सैलसर पातळ कपडे एका जाड कपड्याइतके, बरेचदा त्याहून जास्त उबदार ठरतात. तेच कपडे एकमेकांवर घट्ट आवळून घातले तर मधली हवा निघून जाते आणि वजन तेवढे उरते. बाहेरचे जॅकेट नेहमीपेक्षा एक माप मोठे घ्यावे असे जाणकार सांगतात ते याचमुळे.

शरीराची उष्णता चार वाटांनी जाते : थंड वस्तूला टेकल्याने, वाहत्या हवेमुळे, प्रारणाने आणि घामाच्या बाष्पीभवनाने. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण करतो. पाठीवर ओझे घेऊन चढ चढताना हाच आकडा पाच-सहा पटींवर जातो. त्यामुळे बसलेल्याला अपुरे वाटणारे कपडे चढणाऱ्याला दहा मिनिटांत असह्य होतात. घाम येतो, कपडे भिजतात. पाणी स्थिर हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणजे भिजलेला कपडा ऊब धरायचे सोडून ती बाहेर पोचवू लागतो. शिवाय एक लिटर घाम सुकायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. चढताना ही उष्णता जादाचीच असते. माणूस थांबला की घाम सुकत राहतो, पण उष्णतेचे उत्पादन एकदम खाली आलेले असते. डोंगरातली थंडी बहुतेक वेळा याच क्षणी बाधते.

वाऱ्याचा परिणाम मोजण्याचे पहिले पद्धतशीर प्रयोग पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी अंटार्क्टिकावर केले. त्यातून निघालेल्या सूत्राची सुधारित आवृत्ती २००१ पासून वापरात आहे. तिच्यानुसार उणे १० अंश सेल्सिअस तापमानात ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या त्वचेला उणे २० अंशांसारखी थंडी जाणवते. कपड्यांच्या उष्णतारोधकतेसाठी ‘क्लो’ हे एकक १९४१ मध्ये सुचवले गेले : सुमारे २१ अंशांच्या बंद खोलीत निवांत बसलेल्या माणसाला सुखकर वाटेल इतके कपडे म्हणजे एक क्लो.

एका दिवसाचे उदाहरण : केदारकंठा

उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातील केदारकंठा (सुमारे ३,८१० मीटर) हे हिवाळी ट्रेकचे गाजलेले शिखर. डिसेंबर ते मार्च या काळात महाराष्ट्रातूनही तिथे मोठ्या संख्येने लोक जातात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी बर्फ प्रथमच पाहिलेला असतो. पायथ्याचे सांक्री गाव सुमारे १,९०० मीटरवर आहे. उंचीनुसार हवा दर १,००० मीटरला सरासरी ६.५ अंशांनी थंड होते. म्हणजे सांक्रीत ८ अंश असतील तर माथ्यावर त्याच वेळी उणे ४ च्या आसपास अपेक्षित धरावे; वाऱ्याचा हिशोब त्यावर वेगळा.

सांक्रीहून जुडा का तालाब या वाटेवरच्या तळ्याकडे निघताना वाट देवदार-ओकांच्या जंगलातून चढते. सकाळी गाव सोडताना थंडी इतकी असते की हाताशी असलेले सगळे अंगावर चढवावेसे वाटते. वाटाडे मात्र जॅकेट काढून निघायला सांगतात. निघताना थोडे कुडकुडायला झाले पाहिजे, म्हणजे पाव तासाने नेमके बरे वाटते. या टप्प्यावर बेस लेयर आणि फार तर एक पातळ फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचा स्वेटरसारखा कपडा) पुरते. दुपारी मोकळ्या बर्फावर ऊन पडले की हवा शून्याजवळ असूनही घाम फुटतो, कारण बर्फावरून परतणारे ऊनही अंगावर येते. तेव्हा बेस लेयरची गळ्याची चेन उघडावी, बाह्या वर ओढाव्यात, टोपी काढावी. कॅम्पवर पोचताच सॅक उतरवण्याआधीच जाड जॅकेट अंगावर यायला हवे. त्यानंतर तंबूत शिरून भिजलेला बेस लेयर बदलायचा. अंगात उरलेल्या उबेवर तो सुकेल या आशेवर राहिलेला माणूस रात्रभर थंडीशी झगडतो. झोपायचा बेस लेयर आणि मोज्यांचा एक जोड रात्रीसाठीच राखून ठेवण्याची शिस्त याच अनुभवातून आली आहे.

शिखराची चढाई पहाटेच्या अंधारात सुरू होते. दिवसातली सगळ्यांत जास्त थंडी, माथ्याजवळच्या धारेवरचा वारा आणि सतत थांबत चालणारी रांग, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी वाट्याला येतात. इथे शेल अंगावरच असतो, रेंगाळणाऱ्या रांगेत कधी जाड जॅकेटही. माथ्यावर फोटो काढताना हातमोजे उतरवणाऱ्यांची बोटे काही मिनिटांत बधिर होतात.

थर आणि त्यांचे कापड

अंगालगतच्या कपड्याबाबत एकच नियम कडक आहे : सुती नको. सूत पाणी पिऊन घेते आणि सोडताना फार वेळ लावते. पॉलिएस्टर स्वतः वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी ओलावा शोषतो, त्यामुळे घाम त्याच्या पृष्ठभागावरून पसरून लवकर उडतो. मेरिनो जातीच्या मेंढ्यांची लोकर वजनाच्या सुमारे एक तृतीयांश बाष्प तंतूंच्या आत सामावून घेते आणि तरीही त्वचेला ओली लागत नाही; चार दिवस घातली तरी तिला वासही फारसा येत नाही. पॉलिएस्टरला येतो, पण ते स्वस्त आणि टिकाऊ आहे. आपल्याकडे एक चूक सर्रास दिसते. चांगला थर्मल घेतला जातो आणि त्याच्या आत सवयीने सुती बनियन घातली जाते. स्त्रियांच्या सुती अंतर्वस्त्रांबाबतही हेच. छाती-पाठीवर ओल्या कापडाचा पट्टा राहतो आणि वरच्या सगळ्या थरांचे काम निम्मे होते. शहरांत ‘थर्मल’ म्हणून मिळणारे बरेच कपडे सुती मिश्रणाचे असतात. दिल्लीच्या थंडीत बसस्टॉपवर उभे राहायला ते उत्तम, पण चढावर घालू नयेत. जीन्स तर ट्रेकच्या यादीतूनच खोडावी.

मधल्या थराला फ्लीस हे सर्वाधिक प्रचलित कापड. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या माल्डन मिल्सने ते १९७९ मध्ये बाजारात आणले. ते हलके असते, भिजले तरी बरीच ऊब राखते, झटकले की बरेचसे पाणी निघून जाते. मात्र वारा त्यातून आरपार जातो. एका जाड फ्लीसपेक्षा दोन पातळ बरे, कारण त्यांतला एक काढता येतो. घरी विणलेला लोकरीचा स्वेटर या थरासाठी आजही पूर्णपणे योग्य आहे, फक्त तो जड असतो आणि भिजला की उशिरा वाळतो.

थांब्याच्या जॅकेटमध्ये बदक किंवा हंसाची मऊ पिसे, म्हणजे डाऊन, अथवा कृत्रिम तंतू भरलेले असतात. वजनाच्या मानाने पिसांइतके उबदार दुसरे काही क्वचितच सापडते. भिजली की मात्र ती चिकटून त्यांचा गोळा होतो आणि जॅकेट निरुपयोगी ठरते. म्हणूनच डाऊन घालून चढ चढू नये. कृत्रिम भरण थोडे जड असले तरी ओलसरपणात तग धरते. अशांपैकी प्रिमालॉफ्ट १९८० च्या दशकात अमेरिकी सैन्यासाठी विकसित झाले.

बाहेरच्या शेलमध्ये बहुधा सूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. त्यातून पाण्याचा थेंब आत येत नाही, बाष्प मात्र बाहेर जाते. रॉबर्ट गोअर यांनी १९६९ मध्ये टेफ्लॉन ताणून असा पदार्थ मिळवला आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात गोअर-टेक्सचे कपडे विक्रीस आले. या कापडाबद्दलच्या अपेक्षा मात्र मर्यादित ठेवाव्यात. बाष्प बाहेर जाते ते आतल्या-बाहेरच्या बाष्पदाबातील फरकामुळे. जोरात चढताना येणारा घाम कोणत्याही पडद्याच्या आवाक्याबाहेरचा असतो, आणि वरचे कापड पाणी पिऊन जड झाले की आतला दमटपणा तिथेच अडकतो. काखेखालच्या चेन उघडणे हा पडद्यापेक्षा खात्रीचा उपाय आहे. बर्फ पडत नसेल आणि फक्त वारा असेल, तर साधे पातळ विंडचीटर अनेकदा महागड्या शेलपेक्षा सुखाचे ठरते.

हात, पाय, डोके

डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता जाते ही समजूत चुकीची आहे. १९५० च्या दशकातील एका अमेरिकी लष्करी प्रयोगात फक्त डोके उघडे ठेवले होते. तिथून ती पसरली. डोक्याचा वाटा त्याच्या क्षेत्रफळाइतकाच, म्हणजे सुमारे दहावा हिस्सा असतो. तरीही कानटोपी अत्यंत उपयोगी, कारण सॅक न उतरवता ती काढता-घालता येते. माकडटोपी आणि गळ्याभोवतीचा बफ यांचा उपयोगही तसाच.

हातांसाठी आत पातळ मोजे आणि वर चारही बोटे एकत्र राहतील असे जाड मोजे, ही जोडी पाच बोटांच्या एका जाड मोज्यापेक्षा उबदार असते. पायात मात्र थर वाढवण्याचा मोह आवरावा. तंग बुटात मोज्यांचे दोन-तीन जोड कोंबले की रक्तप्रवाह दबतो आणि बोटे उलट गार पडतात. एक पातळ आणि एक लोकरीचा मोजा, आणि बोटे हलवता येतील इतका मोठा बूट, इतके पुरे. बर्फ बुटात शिरू नये म्हणून पिंडरीवर गेटर बांधतात. सांक्रीसारख्या पायथ्याच्या गावांत गेटर आणि जाड जॅकेट भाड्याने मिळतात. बेस लेयर आणि मोजे मात्र स्वतःचेच हवेत.

पूर्वपीठिका

थरांची कल्पना आधुनिक नाही. आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोक कॅरिबू या हरणाच्या कातड्याचे दोन अंगरखे घालत : आतल्याची लव त्वचेकडे, बाहेरच्याची बाहेर. अंग तापले की बाहेरचा काढायचा किंवा गळा मोकळा करायचा. नॉर्वेचा ध्रुवप्रवासी रोआल्ड अमुंडसेन १९०३ ते १९०६ च्या मोहिमेत नेत्सिलिक इन्युइटांकडून हा पेहराव शिकला आणि दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत त्याने तो वापरला. काश्मिरी फेरन आणि लडाखी गोंचा हेही सैल, हवा धरणारे कपडे. फेरनच्या आत तर कांगडीच, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, असते. पण हे बसण्याचे आणि रोजच्या वावराचे कपडे आहेत, ओझे घेऊन चढण्याचे नव्हेत.

गिर्यारोहणात १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेतील जॉर्ज फिंच या रसायनशास्त्रज्ञाने फुग्याच्या कापडात आयडर बदकाची पिसे भरून स्वतःचा कोट शिवून घेतला. सहकाऱ्यांनी आधी त्याची चेष्टा केली. तोच फिंच त्या वर्षी प्राणवायूच्या साहाय्याने ८,३०० मीटरच्या आसपास पोचला. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर हरवलेल्या जॉर्ज मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला, तेव्हा अंगावर रेशीम, सूत आणि लोकरीचे अनेक थर आणि वर गॅबर्डिन हे घट्ट विणीचे कापड होते. त्या कपड्यांच्या प्रतिकृती २००६ मध्ये एव्हरेस्टच्या उतारावर घालून पाहण्यात आल्या. त्या हलक्या आणि हालचालीला सोयीच्या ठरल्या. मॅलरी अपुऱ्या कपड्यांत वर गेला हे जुने चित्र त्यामुळे बरेच बदलले.

सह्याद्रीत

सह्याद्रीत बर्फ नाही, पण तत्त्व तेच लागू पडते. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणारा माणूस कोकणाच्या दमट हवेतून घामाने निथळत वर येतो आणि संध्याकाळी कोकणकड्यावरच्या वाऱ्यात उभा राहतो. डिसेंबर-जानेवारीत अंगावर ओला सुती टी-शर्ट असेल तर हुडहुडी भरायला वेळ लागत नाही. एक जादा कोरडा पॉलिएस्टरचा टी-शर्ट, एक विंडचीटर आणि कानटोपी एवढ्यावर कळसूबाईची (१,६४६ मीटर) पहाटही निभते. दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली घोंगडी धनगर वर्षानुवर्षे पांघरत आले आहेत. ती वारा आणि भुरभुर पाऊस दोन्ही अडवते आणि रात्री अंथरायलाही होते. एका वस्त्राने इतकी कामे करणारे दुसरे उदाहरण या डोंगरांत नाही.

धोका

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. कापरे भरणे, बोलणे अडखळणे, चालताना तोल जाणे, चेन लावता न येणे ही सुरुवातीची लक्षणे. पुढे कापरे थांबते आणि ते बरे होण्याचे चिन्ह नसते. अखेरच्या टप्प्यात काहींना गरम होत असल्याचा भास होऊन ते कपडे काढू लागतात. अशा माणसाला स्वतःची अवस्था कळत नाही, म्हणून थर घालण्याचा निर्णय सोबत्यांनी घ्यायचा असतो : आडोशाला नेणे, ओले कपडे उतरवणे, कोरडे घालून स्लीपिंग बॅगमध्ये ठेवणे, खाली मॅट टाकणे, शुद्धीत असेल तर गोड गरम पेय देणे. दारू देऊ नये. तिने त्वचेकडील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता आणखी वेगाने जाते. कोरड्या उणे १० अंशांपेक्षा पाऊस आणि वाऱ्यासह ५ अंशांची हवा जास्त घातक ठरू शकते, कारण तिच्यात कपडे भिजतात आणि ‘बर्फ तर नाही’ म्हणून कोणी सावध नसतो.