दोन केमोंच्या मधले दिवस

केमो रुग्णालयात होते, पण तिचा खरा त्रास बहुतेकदा घरी गेल्यावर सुरू होतो. मळमळ, जुलाब, अन्नावरची वासना उडणं, हातापायांना मुंग्या. पुढच्या तारखेपर्यंत त्यातलं बरंचसं विसरायला होतं आणि ओपीडीतली गर्दी पाहून उरलेलं सांगायचा धीर होत नाही. ‘तसं बरं आहे’ म्हणून माणूस उठतो. रुग्णाच्या अनेक तक्रारी डॉक्टरांच्या नोंदींत येतच नाहीत, हे संशोधनात वारंवार दिसून आलं आहे.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात डॉ. इथन बाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधा उपाय तपासून पाहिला. कर्करोग शरीरात पसरलेले आणि केमो चालू असलेले ७६६ रुग्ण त्यांनी घेतले. काहींचे उपचार नेहमीसारखे झाले. बाकीच्यांना थकवा, वेदना, उलट्या, धाप अशा १२ त्रासांबद्दल संगणकावर ठरावीक प्रश्न विचारले जात. उत्तर शून्य ते चार या आकड्यांत द्यायचं. समजा, मागच्या वेळी मळमळ एक होती आणि आता तीन झाली, की सिस्टरला लगेच ईमेल जाई. मग सिस्टर फोन करून चौकशी करत, उलटीचं औषध बदलून घेत किंवा गरज वाटली तर रुग्णाला बोलावून घेत.

वर्षभरात तातडीच्या विभागात जावं लागलेल्यांचं प्रमाण नेहमीच्या गटात ४१ टक्के होतं, प्रश्न विचारलेल्यांत ३४ टक्के. त्यांची केमोही जास्त काळ चालू राहिली, सरासरी ६.३ ऐवजी ८.२ महिने. २०१७ साली आयुर्मानाचे आकडे आले, तेव्हा तज्ज्ञही चकित झाले: मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, २६ महिन्यांवरून ३१.२ महिन्यांवर गेला होता. नवं औषध एकही नाही! त्रास वेळीच आटोक्यात आल्यामुळे उपचार अर्धवट सुटले नाहीत, हे त्याचं एक संभाव्य कारण. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. संगणकाची सवय नसलेल्या रुग्णांना जगण्याच्या दर्जाच्या बाबतीत जास्त फायदा झाला. ‘आपल्या लोकांना हे जमणार नाही’ असं म्हणण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

हा एकाच रुग्णालयातला अनुभव होता, हेही सांगायला हवं. पुढे अमेरिकेतल्या ५२ केंद्रांवर १,१९१ रुग्णांचा मोठा अभ्यास झाला. तिथे आठवड्याला एकदा इंटरनेटवर किंवा आपोआप येणाऱ्या फोनवर उत्तरं द्यायची होती आणि पाठवलेल्या प्रश्नावल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भरून आल्या. रुग्णांचा त्रास कमी झाला, हिंडण्याफिरण्याची ताकद टिकली. एकूण आयुष्य मात्र लक्षणीय वाढलेलं दिसलं नाही. तरीही मला ही पद्धत हवीशी वाटते. हातात असलेले दिवस कमी यातनेचे जाणं हा मोठाच लाभ आहे.

आपल्याकडे हे आणायचं तर मराठीत बोलणारा फोन पुरेल, स्मार्टफोनचीही सक्ती नको. अडचण येईल ती पलीकडच्या टोकाला. रात्री अकराला कुणी ‘उलट्या: चार’ असं नोंदवलं आणि ते सकाळपर्यंत कुणी पाहिलंच नाही, तर आपण कळवलं आहे या भरवशावर रुग्ण घरीच थांबेल, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून ॲप विकत घेण्याआधी रुग्णालयानं ही सूचना कुणाकडे जाईल, किती वेळात फोन होईल आणि त्या सिस्टरची बाकीची कामं कोण करील, हे ठरवायला हवं.