फोन हाती आहे, पण त्यावर शिकावेसे कधी वाटते?

ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालाने 2024 मध्ये 14 ते 16 वर्षे वयाच्या मुलांना स्मार्टफोनविषयी काही प्रश्न विचारले. जवळजवळ 89 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि 82 टक्क्यांहून अधिक मुलांनी तो आपल्याला वापरता येतो असे सांगितले. फोन वापरता येणाऱ्या या मुलांपैकी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी तो वापरणारी मुले सुमारे 76 टक्के होती, तर अभ्यासाशी संबंधित कामासाठी तो वापरणारी सुमारे 57 टक्के. हा फरक मुलांच्या आळसावर टाकून मोकळे होणे सोपे असले, तरी ते शास्त्रीय उत्तर नव्हे. शिक्षणासाठी एखादे डिजिटल साधन स्वीकारण्याची तयारी विद्यार्थ्याच्या मनात कशी घडते, यावर गेली सुमारे चार दशके पद्धतशीर संशोधन होत आले आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या कर्नाटकाच्या सीमाभागातील मराठी माध्यमाच्या मुलांकडे त्या संशोधनाच्या आधारे पाहिले, तर 'इच्छा' म्हणून आपण जे मोजतो त्याचा मोठा भाग परिस्थितीनेच घडवलेला असतो, हे स्पष्ट दिसते.

साधन नाही म्हणून शिक्षण नाही, असे पूर्वी मानले जाई आणि त्यात तथ्यही होते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18 मधील 75 व्या फेरीनुसार ग्रामीण भागातील केवळ 4 टक्के आणि शहरी भागातील 23 टक्के कुटुंबांकडे संगणक होता, तर इंटरनेटची सोय अनुक्रमे सुमारे 15 आणि 42 टक्के कुटुंबांकडे होती. पुढे स्मार्टफोन फार वेगाने पसरला. ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशा शाळकरी मुलांचे प्रमाण 'असर'च्याच नोंदीनुसार 2018 मध्ये 36.5 टक्के होते, ते 2021 मध्ये 67.6 टक्क्यांवर गेले. साधनाचा प्रश्न संपला नाही, पण तो मागे सरला आणि त्याच्या आड असलेला दुसरा प्रश्न पुढे आला.

त्या दुसऱ्या प्रश्नाची पायाभूत मांडणी अमेरिकेतील फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्ये केली. नव्या संगणकप्रणाली माणसे का स्वीकारतात किंवा का नाकारतात, हे शोधताना त्यांनी दोन गोष्टींवर लक्ष केंद्रित केले. पहिली म्हणजे, हे वापरल्याने माझे काम अधिक चांगले होईल असे वाटणे, अर्थात जाणवणारी उपयुक्तता. आणि दुसरी, हे वापरायला फारसे कष्ट पडणार नाहीत असे वाटणे, अर्थात जाणवणारी सुलभता. एकूण 152 वापरकर्ते आणि चार संगणकप्रणाली यांवर केलेल्या दोन अभ्यासांत उपयुक्ततेचा प्रत्यक्ष वापराशी असलेला सहसंबंध (1 म्हणजे पूर्ण जुळणी) 0.63 आणि भावी वापराच्या अंदाजाशी असलेला 0.85 इतका आढळला, तर सुलभतेसाठी हेच आकडे 0.45 आणि 0.59 होते. म्हणजे सोपेपणा महत्त्वाचा खरा, पण उपयोग त्याहून अधिक महत्त्वाचा. डेव्हिस यांच्या विश्लेषणातून आणखी एक बारकावा पुढे आला. सुलभता बहुधा थेट परिणाम करत नाही. वस्तू सोपी वाटली की ती उपयोगीही वाटू लागते आणि त्या वाटेने वापर वाढतो. विद्यार्थ्यांवर पुढे झालेल्या असंख्य अभ्यासांचा पाया हाच आहे.

यातील 'जाणवणारी' हा शब्द निसटू देऊ नये. साधन किती उपयोगी आहे हे ते तयार करणाऱ्याने ठरवायचे नसते. ज्या विद्यार्थ्याला उद्या परीक्षेला बसायचे आहे त्याला ते तसे वाटावे लागते. सीमाभागातील मराठी शाळांचे वेगळेपण इथेच सुरू होते.

खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाची दहावीची विद्यार्थिनी कर्नाटकाची एसएसएलसी परीक्षा देते. तिची पाठ्यपुस्तके मराठीत असतात, पण ती कर्नाटक राज्याच्या अभ्यासक्रमाची असतात. इंटरनेटवर मराठीतून दहावीचा धडा शोधला की समोर येणारा बहुतांश मजकूर महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाचा असतो. महाराष्ट्रात दहावीच्या गणिताची आणि विज्ञानाची प्रत्येकी दोन पुस्तके व दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहेत. एसएसएलसीला गणिताची एकच लेखी प्रश्नपत्रिका असते, आणि धड्यांचा क्रम व प्रश्नांची धाटणीही निराळी असते. गणितात निदान पायथागोरसचा सिद्धांत दोन्हीकडे तोच राहतो. समाजविज्ञानात तेवढाही आधार उरत नाही. कर्नाटकाच्या दहावीच्या पुस्तकात कर्नाटकातील ब्रिटिशविरोधी उठावांचा आणि म्हैसूरच्या वडेयरांचा स्वतंत्र पाठ आहे, त्यात कित्तूरची राणी चन्नम्मा आणि संगोळी रायण्णा येतात. महाराष्ट्राच्या पुस्तकात त्या जागी इतिहासलेखनाची परंपरा आणि उपयोजित इतिहास यांसारखे विषय आहेत. कर्नाटकाच्या अभ्यासक्रमावर तयार झालेले व्हिडिओ मुख्यतः कन्नड आणि इंग्रजीत आहेत. त्यामुळे या विद्यार्थिनीला जे तिच्या भाषेत मिळते ते तिच्या परीक्षेचे नसते आणि जे तिच्या परीक्षेचे असते ते तिच्या भाषेत नसते.

तिने असे दोनतीन व्हिडिओ पाहून फोन बाजूला ठेवला आणि ती पुन्हा गाईडकडे वळली, तर तिला तंत्रज्ञानाचे वावडे आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. उपयुक्ततेचा तिने केलेला हिशेब बरोबर आहे. एव्हरेट रॉजर्स यांनी नव्या गोष्टींच्या प्रसारावर 1962 मध्ये जी मांडणी केली, तिच्यात स्वीकाराला अनुकूल ठरणाऱ्या गुणांमध्ये एक गुण 'सुसंगती' हा आहे: नवी गोष्ट माणसाच्या आधीच्या अनुभवांशी, गरजांशी आणि मूल्यांशी किती जुळते. सीमाभागातील मुलांच्या बाबतीत हा गुण इतर सर्व घटकांच्या आधी तपासला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. राज्याच्या सरासरीत ही मुले इतकी थोडी असतात की त्यांची अडचण आकड्यांत विरघळून जाते.

भाषेचा प्रश्न केवळ अस्मितेचा नाही, तो आकलनाच्या यंत्रणेचाही आहे. जॉन स्वेलर यांनी 1988 पासून मांडलेल्या आकलनभाराच्या सिद्धांतानुसार आपली कार्यकारी स्मृती एका वेळी फार थोडी नवी माहिती हाताळू शकते. प्रकाशाचे अपवर्तन समजून घेताना जर निम्मे लक्ष कन्नड किंवा इंग्रजी निवेदनाचा अर्थ लावण्यात आणि ऐकलेली संज्ञा मराठी पुस्तकातील संज्ञेशी जुळवण्यात खर्च झाले, तर विषयासाठी उरणारी जागा कमी होते. विद्यार्थ्याला हे सिद्धांत म्हणून कळत नाही. त्याला फक्त 'हे अवघड आहे' असे वाटते. म्हणजे भाषेचा भार तो साधनाच्या खात्यावर मांडतो, आणि डेव्हिस यांच्या भाषेत सांगायचे तर जाणवणारी सुलभता घसरते.

सुलभतेशीच जोडलेला आणखी एक घटक म्हणजे स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास. अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मध्ये ही कल्पना मांडली आणि 1995 मध्ये कंपो व हिगिन्स यांनी ती संगणकवापराला लावून तिचे मोजमाप तयार केले. हा विश्वास बंडुरा यांच्या मते चार वाटांनी येतो: स्वतः करून यश मिळणे, आपल्यासारख्या कुणाला ते जमताना पाहणे, विश्वासातील माणसाने धीर देणे, आणि मनावर ताण नसणे. यांतील पहिली वाट सर्वांत परिणामकारक आहे आणि दुसरी शाळांत सर्वांत दुर्लक्षित. सीमाभागातील यल्लूरच्या किंवा जांबोटीच्या मुलाला महानगरातील तज्ज्ञ शिक्षकाचा सफाईदार व्हिडिओ पाहून जो विश्वास येणार नाही, तो आपल्याच वर्गातील मुलीने फोनवर सराव चाचणी सोडवून गुण वाढवलेले पाहून येऊ शकतो.

2003 मध्ये विश्वनाथ वेंकटेश, मायकेल मॉरिस, गॉर्डन डेव्हिस आणि फ्रेड डेव्हिस यांनी तंत्रज्ञान-स्वीकाराविषयीच्या तोवरच्या आठ सिद्धांतांची एकत्रित मांडणी केली. उपयोगाची अपेक्षा आणि कष्टांची अपेक्षा यांच्या जोडीला त्यांनी दोन घटक ठेवले: भोवतालच्या महत्त्वाच्या माणसांचा प्रभाव आणि साधनसोयींची अनुकूलता. पैकी माणसांचा प्रभाव विशेषतः वापर सक्तीचा असताना, तोही सुरुवातीच्या काळात, जाणवतो आणि अनुभव वाढला की ओसरतो, असे त्यांना आढळले.

टाळेबंदीचा काळ आठवला की या निष्कर्षाचा अर्थ लागतो. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात असणे हेच शाळेत असणे ठरले. तेव्हाचा वापर हा स्वीकार नव्हता, ते पालन होते. कर्नाटक सरकारने ऑगस्ट 2020 मध्ये सुरू केलेल्या 'विद्यागम' कार्यक्रमात मुलांची विभागणीच साधनांनुसार केली होती: ज्यांच्याकडे काहीच नाही, ज्यांच्याकडे इंटरनेटशिवाय साधा फोन आहे, आणि ज्यांच्याकडे इंटरनेटसह साधन आहे. शिक्षकांनी वस्तीत जाऊन मुलांना भेटावे अशी त्यात योजना होती. वस्तुस्थितीची ही प्रामाणिक कबुली होती, आणि इच्छेविषयी बोलण्याआधी सोयींविषयी बोलावे लागते हे तिने मान्य केले होते.

सोयींच्या बाबतीत हा भाग एकसारखा नाही. बेळगाव शहरातील शहापूर-वडगावच्या मुलाला नेटवर्कची चिंता क्वचितच करावी लागते. मलप्रभा नदी जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला, किंवा भीमगड अभयारण्यातील वाड्यांवर, पावसाळ्यात वीज जाणे आणि रेंज नाहीशी होणे ही नित्याची गोष्ट आहे. जून-जुलै हेच शैक्षणिक वर्षाच्या आरंभाचे, सवयी जडण्याचे महिने असतात. त्या काळात तीनदा व्हिडिओ अडकला की चौथ्यांदा तो लावण्याचा उत्साह राहत नाही.

फोन घरात असणे आणि तो मुलाच्या, त्यातही मुलीच्या, हाती असणे यांत मोठे अंतर आहे. 'असर'च्या 2023 मधील पाहणीत फोन वापरता येणाऱ्या 14 ते 18 वयोगटात स्वतःचा स्मार्टफोन असलेले मुलगे 43.7 टक्के होते आणि मुली 19.8 टक्के. 2024 मध्ये 14 ते 16 वयोगटासाठी हे आकडे 36.2 आणि 26.9 टक्के होते. वडील किंवा भाऊ संध्याकाळी घरी आल्यावर तासभर मिळणारा फोन, तोही सर्वांच्या देखत, अशा स्थितीत मुलीने 'मला ऑनलाइन शिकायला आवडत नाही' असे प्रश्नावलीत लिहिले, तर तिची नावड नोंदली जाईल आणि तिचे कारण नोंदले जाणार नाही.

संशोधनाच्या पद्धतीतील ही खरी उणीव आहे. यातील बहुतेक अभ्यास 'अजिबात मान्य नाही' ते 'पूर्ण मान्य' अशा पाच किंवा सात पायऱ्यांच्या प्रश्नावलीवर उभे आहेत; विद्यार्थी स्वतःविषयी जे सांगतात तेच त्यांत मोजले जाते, आणि बऱ्याचदा इच्छा व तिची कारणे एकाच बैठकीत विचारली जातात. शिवाय उत्तरे देणारे बहुधा महाविद्यालयीन, साधने जवळ असलेले विद्यार्थी असतात. सहसंबंध सापडतो, कारण आणि परिणाम यांची दिशा मात्र त्यातून पक्की होत नाही. म्हणून हे आकडे वाचताना त्यांना दिशादर्शक मानावे, निवाडा मानू नये.

इच्छा बदलते, आणि लवकर बदलते, याचा पुरावा सीमाभागातच पाहायला मिळतो. दहावीपर्यंत ऑनलाइन शिक्षणाकडे पाठ फिरवणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातील अकरावी-बारावीला, विज्ञान शाखा घेतो. शिकवणे एकदम इंग्रजीत सुरू होते, समोर सीईटी आणि नीट असतात, आणि त्या परीक्षांसाठी इंग्रजीत भरपूर, नेमके साहित्य उपलब्ध असते. तोच मुलगा आता रात्री फोनवर सराव प्रश्न सोडवतो. त्याचा स्वभाव दोन महिन्यांत बदललेला नसतो. अभ्यास, परीक्षा आणि साहित्य ही तिन्ही प्रथमच एका भाषेत आणि एका रेषेत आलेली असतात. भाषा अवघड असूनही तो नेटाने टिकतो, कारण उपयोग डोळ्यांसमोर असतो. मात्र ही वाट दहावीत चांगले गुण मिळवून विज्ञानाला जाणाऱ्यांचीच आहे, आणि ज्यांना दहावीतच आधार हवा होता ते तिथवर पोहोचतही नाहीत.

सुरुवात करणे आणि टिकून राहणे यांची कारणेही वेगळी असतात. अनोल भट्टाचार्जी यांनी 2001 मध्ये दाखवले की वापर चालू ठेवण्याचा निर्णय मुख्यतः समाधानावर आणि उपयुक्ततेच्या अनुभवावर अवलंबून असतो, आणि ते समाधान आधीची अपेक्षा पुरी झाली की नाही यावरून ठरते. त्यामुळे गाजावाजा करून दिलेले साधन पहिल्या महिन्यात अपुरे पडले, तर त्याचे नुकसान मुळीच अपेक्षा नसलेल्या साधनापेक्षा अधिक होते.

सीमाभागातील एखाद्या हायस्कूलने या दिशेने काही करायचे ठरवले, तर महागड्या डिजिटल फळ्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही. कर्नाटकाच्या मराठी पाठ्यपुस्तकातील धड्यांच्याच क्रमाने, त्याच संज्ञा वापरून, त्याच शाळेतील शिक्षकांनी दहा-दहा मिनिटांची ध्वनिचित्रफीत करावी; ती शाळेत एकदा फोनवर उतरवून घेता यावी, म्हणजे घरी रेंज लागणार नाही; प्रत्येक धड्याला एसएसएलसीच्या धाटणीचे पाच प्रश्न जोडावेत. मुलींसाठी शाळा सुटल्यावर अर्धा तास शाळेचेच साधन मोकळे ठेवावे. आणि मुलांना 'आवडले का' एवढेच न विचारता, पहिल्या सहामाहीनंतर कोणता धडा किती जणांनी शेवटपर्यंत पाहिला आणि कोणत्या मिनिटाला सोडून दिला, याची नोंद ठेवावी.