सॅक्सोफोनचा तो तुकडा आधी आठवतो, गाणं मागाहून

वेंगुर्ल्यात आमच्या शेजारी ख्रिश्चन घरात लग्न असलं की रिसेप्शनला गोव्याचा बँड यायचा आणि मी जेवणाचं ताट सोडून सॅक्सोफोनवाल्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहायचो. 'केअरलेस व्हिस्पर' या इंग्रजी गाण्याचे शब्द आमच्यातल्या कोणालाच धड येत नव्हते, पण सुरुवातीचा तो घरंगळत खाली येणारा तुकडा मात्र अख्ख्या वाडीला तोंडपाठ. असं का होतं हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. आता वाटतं की सॅक्सोफोन माणसाच्या गळ्याच्या इतका जवळ वाजतो की गायक थांबला तरी गाणं थांबल्यासारखं वाटतच नाही.

अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन माणसाने हे वाद्य बनवलं, 1846 मध्ये पॅरिसला पेटंट घेतलं. त्याच्या डोळ्यासमोर मुख्यतः लष्करी बँड होते, म्हणजे मैदानात ऐकू जाईल इतका मोठा आवाज हवा पण त्यात बासरी-क्लॅरिनेटचा लवचिकपणाही हवा. अंग पितळेचं, तरी गणती होते लाकडी वाद्यांत, कारण आवाज निघतो तो तोंडाशी बसवलेल्या बोरूसारख्या गवताच्या पातळ पत्तीतून. आपल्या देवळातल्या सनईला जिव्हाळी असते, तसंच काहीसं. फरक एवढाच की सनईत पत्त्या जोडीने असतात आणि इथे एकच. कोकणातल्या कानाला हा आवाज परका वाटत नाही तो बहुतेक यामुळेच.

रॉकमध्ये सॅक्सोफोन नंतर आला असं लोकांना वाटतं, उलट आहे! सुरुवातीला सोलो, म्हणजे गाण्यातला एकट्याने वाजवायचा तुकडा, वाजवायचा मान त्याचाच होता. 1951 चं 'रॉकेट 88' ऐका, ज्याला बरेचजण पहिलं रॉक अँड रोल गाणं मानतात, त्यात रेमंड हिलचा सॅक्स, म्हणजे सॅक्सोफोनच, नुसता धावत सुटतो. 1958 च्या 'याकेटी याक'मध्ये सॅक्सवर किंग कर्टिस. मग साठच्या दशकात तीन गिटार आणि एक ड्रमवाले ग्रुप आले, अँप्लिफायर मोठे झाले, आणि सॅक्स मागे पडला.

परत आला तो सत्तरच्या दशकात, आणि यावेळी नाचवायला नाही तर काळजाला हात घालायला. पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या 1973 च्या अल्बममध्ये सॅक्सवर डिक पॅरी, 1975 ला गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'जंगललँड'मध्ये क्लॅरन्स क्लेमन्स. त्या दोन मिनिटांच्या सोलोसाठी स्प्रिंगस्टीनने स्टुडिओत त्याला सोळा तास बसवलं होतं म्हणतात, एकेक सूर ठरवत ठरवत. ऐकताना मात्र सगळं जागच्या जागी सुचल्यासारखं वाटतं, माझ्या मते हा सगळ्यांत थोर सोलो.

पण लोकांच्या तोंडी बसला तो 1978 चा 'बेकर स्ट्रीट'. गायक जेरी रॅफर्टीच्या डेमोत, म्हणजे आधीच्या कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये, ती धून गिटारवर आहे, ती ऐकली की कळतं राफाएल रेव्हन्सक्रॉफ्टच्या अल्टो सॅक्सने काय करून ठेवलंय ते. धून तीच, पण गिटारवर ती नुसती सुरावट वाटते आणि सॅक्सवर हाक. गाणं अमेरिकेत दुसऱ्या आणि ब्रिटनमध्ये तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं.

'केअरलेस व्हिस्पर' 1984 चं. गायक जॉर्ज मायकेलच्या मनासारखा सॅक्सचा तुकडा कोणालाच जमेना, एकामागून एक वादक येऊन गेले, शेवटी स्टीव्ह ग्रेगरी. त्याच्या जुन्या सॅक्सला वरच्या एका सुराची चावीच नव्हती, म्हणून टेपचा वेग कमी करून अर्ध्या सुराने खाली वाजवलं आणि नंतर टेप मूळ वेगावर आणली, असं त्यानेच सांगितलंय. त्या आवाजाला जी थोडी वेगळी चकाकी आहे ती मला तरी यातूनच आलेली वाटते.

नव्वदीत सॅक्स पुन्हा गायब झाला, सिंथेसायझर आणि गिटारच्या गदारोळात. 2011 ला लेडी गागाच्या 'एज ऑफ ग्लोरी'त क्लेमन्सचा सॅक्स परत वाजला आणि त्याच वर्षी जूनमध्ये क्लेमन्स गेला.

आपल्याकडची वाट वेगळी. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत पोरांना नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, वाचायला शिकवायचे, तीच पोरं पुढे मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेली. हिंदी सिनेमातला सॅक्स म्हटलं की मात्र नाव येतं कलकत्त्याहून आलेल्या मनोहारी सिंग यांचं. 1964 च्या 'है दुनिया उसी की'मधला त्यांचा सॅक्स रफींच्या आवाजाला असा बिलगून जातो की दोघं एकच श्वास घेतायत असं वाटतं.

आणि याच किनाऱ्याने खाली मंगळूरकडे गेलात की कद्री गोपालनाथ. वडील नादस्वरम, म्हणजे दक्षिणेतलं सनईसारखं वाद्य, वाजवणारे, म्हणजे पुन्हा तीच पत्ती, तीच फुंक. पोराने म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि त्याच्यावर कर्नाटक संगीत वाजवायचं ठरवलं. 1994 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात त्यांनी तो वाजवला, 2019 मध्ये ते गेले. त्यांची गमकं, म्हणजे सुरांचे हेलकावे, ऐकताना मला हटकून आमच्या देवळातली पहाटेची सनई आठवते.