साठेखत झालं, मालक खरेदीखत देत नाही: महाराष्ट्रात करारपूर्तीचा दावा कसा करतात

साठेखत (जमीन पुढे विकण्याचा करार) झालं, इसार दिला, आणि ठरल्या तारखेला मालक म्हणतो, "आता विकायची नाही." अशा वेळी पहिली गोष्ट समजून घ्या: साठेखताने जमीन तुमची होत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 54 मध्ये हे स्पष्ट आहे. तुमच्याकडे असतो तो खरेदीखत करून मागण्याचा हक्क, आणि तो विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 खाली दिवाणी कोर्टातून बजावून घेता येतो. पूर्वी असा हुकूम द्यायचा की नाही हे कोर्टाच्या मर्जीवर होतं. 1 ऑक्टोबर 2018 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, कायद्यातल्या अटी पूर्ण होत असतील तर कोर्टाने करार पुरा करवून द्यायचा, असा नियम झाला. तरी दावा हरणारे खरेदीदार आजही आहेत, आणि बहुतेकदा कारण त्या अटींमध्येच सापडतं.

सगळ्यात कडक अट कलम 16 ची. आपल्या वाट्याची अट पाळायला आपण करारापासून सतत तयार आणि राजी होतो, हे खरेदीदाराने सिद्ध करायचं असतं. राजी असणं म्हणजे मन. तयार असणं म्हणजे पैसा. "पैसे होते साहेब" एवढ्यावर भागत नाही. खरेदीच्या तारखेच्या सुमारास खात्यात शिल्लक होती का, कर्ज मंजूर होतं का, रक्कम कुठून येणार होती, हे कागदावर दिसायला हवं. म्हणून माझा आग्रह आहे की वाद कोर्टात जाण्याआधीच पुरावा तयार करा. तारखेआधी मालकाला स्पीड पोस्टाने लेखी कळवा: अमुक दिवशी अमुक वाजता दुय्यम निबंधक कार्यालयात या, उरलेली रक्कम तयार आहे. त्या दिवशी डिमांड ड्राफ्ट घेऊन खरंच जा, आणि हजर राहिल्याचं शपथपत्र त्याच दिवशी करून ठेवा. पोस्टाची पोच, ड्राफ्टची प्रत आणि ते शपथपत्र हे तीन कागद उलटतपासात फार उपयोगी पडतात.

दावा दाखल करायची मुदत तीन वर्षांची. करारात खरेदीखताची तारीख लिहिली असेल तर त्या तारखेपासून; नसेल तर मालकाने नकार दिल्याचं तुम्हाला कळलं तेव्हापासून. "मोजणी होऊ दे, मग बघू" अशा तोंडी आश्वासनांवर वर्षं घालवू नका.

दावा मूळ मालकावर होतो, त्याच्या वारसांवर होतो, आणि कराराची माहिती असूनही ती जमीन नंतर घेणाऱ्यावरही होतो. मात्र पूर्ण किंमत देऊन, प्रामाणिकपणे, कराराचा पत्ता नसताना घेणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. साठेखत नोंदणीकृत असेल तर "मला ठाऊक नव्हतं" हा बचाव टिकवणं अवघड जातं. नोंदणी नसली तरी साठेखत करारपूर्तीच्या दाव्यात पुराव्यात घेता येतं, पण मुद्रांक शुल्क कमी भरलेलं असेल तर फरक आणि दंड भरल्याशिवाय कोर्ट तो कागद वाचत नाही.

दावा जमीन ज्या हद्दीत आहे तिथल्या दिवाणी न्यायालयात, रकमेप्रमाणे कनिष्ठ किंवा वरिष्ठ स्तराकडे. कोर्ट फी करारातल्या मोबदल्यावर बसते. सोबत मूळ साठेखत किंवा इसारपावती, पैसे दिल्याचे बँकेचे पुरावे, चालू सात-बारा आणि फेरफार, नोटिसा व पोचपावत्या जोडा. जमिनीचं वर्णन गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमांसह द्या. त्यातली चूक शेवटी हुकूमनाम्यात (निकालावरून निघणाऱ्या कोर्टाच्या आदेशात) उतरते. सात-बाऱ्यावर भोगवटादार वर्ग-2 (विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर विक्रीला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते का, हे वकिलाकडून आधीच तपासून घ्या.

मागण्या लिहिताना कंजूषी नको. फक्त खरेदीखत मागितलं आणि ताबा मागितला नाही, तर कोर्ट ताबा आपणहून देत नाही. इसार परत मिळण्याची पर्यायी मागणीही घाला, कारण कलम 22 प्रमाणे न मागितलेली गोष्ट मिळत नाही. मालकाने नोटीस देऊन करार रद्द केला असेल तर ते रद्द करणं बेकायदा ठरवून मागा. ही मागणी नसल्यामुळे दावा टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये एका प्रकरणात सांगितलं आहे.

दाखल होताच दोन कामं करा. तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज द्या, आणि लिस पेन्डन्सची, म्हणजे या जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. दावा चालू असताना झालेली विक्री निकालाला बांधील राहते खरी, पण महाराष्ट्रात मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 52 चा तो फायदा मिळण्यासाठी ही नोटीस नोंदवावी लागते. अनेकांचं हेच राहून जातं.

समन्स बजावल्यापासून बारा महिन्यांत निकाल द्यावा आणि कारणं नोंदवून आणखी जास्तीत जास्त सहा महिने घेता येतात, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चला.

हुकूमनामा झाल्यावर उरलेली रक्कम ठरवून दिलेल्या मुदतीत कोर्टात भरा. मुदत चुकली तर मालक कलम 28 खाली करार रद्द करून मागू शकतो. अडचण असेल तर मुदत संपण्याआधी वाढीचा अर्ज द्या. तरीही मालक सही करायला येत नसेल तर दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करा. मग खरेदीखताचा मसुदा कोर्ट मंजूर करतं, मालकाच्या वतीने कोर्टाचा अधिकारी सही करतो, दस्त नोंदला जातो, आणि त्यावरून तुम्ही फेरफारासाठी अर्ज करता.