अठरा विरोध (चिनी वैद्यक)

अठरा विरोध : एकाच काढ्यात एकत्र घालू नयेत अशा औषधींची पारंपरिक चिनी वैद्यकातील यादी. चिनी वैद्य एकटी वनस्पती क्वचितच देतो. राजा, मंत्री, सहायक आणि दूत अशा दर्जांनी द्रव्ये निवडून तो काढा बांधतो. त्यामुळे कोणाचे कोणाशी जुळते, हा तिथे शास्त्राचा गाभाच ठरतो. ‘शन्नोंग बन्त्साओ जिंग’ या प्राचीन निघंटूत द्रव्यांचे परस्परसंबंध सात प्रकारचे मानले आहेत. काही द्रव्ये एकमेकांचे बळ वाढवतात, तर काही दुसऱ्याचे विष मारतात. आले बानशिया या कंदाचा दाह शमवते, हे दुसऱ्या प्रकाराचे नेहमीचे उदाहरण. ‘विरोध’ हा सातांतला सर्वांत कडक संबंध आहे.

यादीचे तीन गट पडतात. बचनागाच्या कुळातल्या वूथौसोबत बानशिया, ग्वालौ, बेइमू, बायल्येन आणि बायजी वर्ज्य. जेष्ठमधासोबत गानस्वे, दाजी, य्वेनह्वा आणि हाइझाओ हे समुद्री शेवाळ वर्ज्य. लीलू या विषारी मुळासोबत जिनसेंग व इतर ‘शेन’ मुळ्या, शीशिन आणि शाओयाओ चालत नाहीत. जिन राजवटीतील वैद्य जांग झिहे याच्या ग्रंथात ही यादी पद्यरूपात येते. आजचे विद्यार्थीही ती पाठ करतात. तिच्या जोडीला ‘एकोणीस भये’ नावाची यादी आहे. तीत जिनसेंग आणि वूलिंगझी, लवंग आणि यूजिन अशा जोड्या येतात.

गंमत अशी की परंपरेतल्या थोरांनीच हे नियम मोडले आहेत. हान काळातील थोर वैद्य जांग जोंगजिंग याच्या एका काढ्यात गानस्वे आणि जेष्ठमध एकत्र आहेत, दुसऱ्यात फूझी आणि बानशिया. (फूझी म्हणजे वूथौच्याच झाडाची बाजूची मुळी.) गलगंडावरच्या एका प्रसिद्ध काढ्यात समुद्री शेवाळासोबत जेष्ठमध आहे. त्यामुळे ही यादी अटळ नियम की सावधगिरीची सूचना, यावर वाद चालू आहे. व्यवहारात मात्र चीन सावध राहतो: औषधकोशात त्या त्या द्रव्याच्या नोंदीत ‘सोबत वापरू नये’ असे लिहिलेले असते आणि रुग्णालयातील औषध देणारा अशी चिठ्ठी वैद्याने पुन्हा सही केल्याशिवाय बांधत नाही.

यादी पाळली म्हणजे काढा निर्धोक झाला, असे समजणे मात्र भाबडेपणाचे. फूझी इतर द्रव्यांच्या आधी बराच वेळ उकळावी लागते. उकळल्याने तिच्यातील अ‍ॅकोनिटिन विघटित होऊन विषारीपणा घटतो. घाईत केलेला काढा हृदयाची लय बिघडवू शकतो, मग सोबत बानशिया असो वा नसो. ओळखीतली चूकही तितकीच महाग पडते. १९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत फांगजी या मुळीऐवजी नावाने जवळची पण वेगळी वनस्पती ग्वांग फांगजी गेली आणि तिच्यातील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडे खराब झाली.

जुन्या यादीत आधुनिक औषधे अर्थातच नाहीत. दानशेन किंवा दांगग्वे या मुळ्या वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधासोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. जेष्ठमध दीर्घकाळ घेतल्याने पोटॅशियम घटते आणि डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्याला ते घातक ठरू शकते. जपानमध्ये यकृतविकारावर शोसाइकोतो हा काढा (चिनी नाव श्याओ छाइहू थांग) इंटरफेरॉन या विषाणूविरोधी औषधासोबत दिल्याने फुप्फुसदाहाचे रुग्ण आढळले आणि १९९४ मध्ये ही जोडी निषिद्ध ठरवण्यात आली.