ॲम्प्लिफायरचा विद्युत प्रवाह, मोटारीतील (अंदाज)

मोटारीतील ध्वनियंत्रणेचा ॲम्प्लिफायर (विवर्धक) बॅटरी व अल्टरनेटर यांच्याकडून किती अँपिअर प्रवाह घेईल, याचे आगाऊ गणित. वायरची जाडी, फ्यूजचे मूल्य आणि अल्टरनेटर (गॅरेजच्या भाषेत ‘डायनामो’) पुरा पडेल की नाही, हे त्यावरून ठरते.

स्पीकरना मिळणाऱ्या एकूण वॅटना विद्युत दाब व कार्यक्षमता यांच्या गुणाकाराने भागले की प्रवाह मिळतो. प्रत्येकी 75 वॅटचे चार चॅनल असलेला एबी वर्गाचा ॲम्प्लिफायर घेतला (आतील परिपथाच्या रचनेनुसार ॲम्प्लिफायरचे ए, बी, एबी, डी असे वर्ग पडतात), दाब 13.8 व्होल्ट आणि कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर उत्तर सुमारे 36 अँपिअर येते. दाब किती धरावा याबाबत एकवाक्यता नाही. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीत 12.6 व्होल्ट देते. इंजिन चालू असताना हा दाब साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट असतो. अमेरिकेतील कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनच्या (2015 पासून कन्झ्युमर टेक्नॉलॉजी असोसिएशन) सीईए-2006 (आता सीटीए-2006) या मानकात 14.4 व्होल्ट, 4 ओहमचा स्पीकर व जास्तीत जास्त 1 टक्का विकृती (मूळ ध्वनीत पडणारा फरक) या अटींवर वॅट मोजतात. रोजच्या वापरासाठी 13.8 हा आकडा अधिक सयुक्तिक वाटतो.

खोक्यावरचे वॅट जसेच्या तसे सूत्रात घालू नयेत. डॅशबोर्डमधील स्टिरिओवर आढळणारा ‘50 वॅट × 4’ हा आकडा बहुधा 14.4 चा वर्ग भागिले स्पीकरचा 4 ओहम रोध, म्हणजे सुमारे 52 वॅट, या हिशेबातून आलेला असतो. ती चौकोनी तरंगाची शक्ती होय. त्याच दाबावर अविकृत ज्या-तरंगाला (साइन वेव्ह) तात्त्विकदृष्ट्याही 26 वॅटच्या पुढे जाता येत नाही. स्वतंत्र ॲम्प्लिफायर ही मर्यादा ओलांडतो, कारण त्याच्या आतील परिवर्तक बॅटरीचा दाब आधी वाढवून घेतो. त्या परिवर्तकात होणारी हानीही कार्यक्षमतेत धरावी लागते.

बी वर्गाची तात्त्विक कमाल कार्यक्षमता 78.5 टक्के आहे. एबी वर्गाचे प्रत्यक्ष ॲम्प्लिफायर पूर्ण शक्तीवर 50 ते 65 टक्क्यांच्या आसपास राहतात, तर डी वर्गाचे साधारण 80 ते 90 टक्क्यांपर्यंत जातात. डी हे अक्षर ‘डिजिटल’चे आद्याक्षर नव्हे, ए, बी, सी यांच्यानंतरचा तो केवळ पुढचा क्रम आहे.

एक-तृतीयांशाचा नियम. संगीत ऐकताना सरासरी प्रवाह कमाल प्रवाहाच्या एक-तृतीयांश धरावा, असा संकेत रूढ आहे. त्याच्या उगमाविषयी मतभेद संभवतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (व्यापार व ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी आयोगाने) 1974 मध्ये घरगुती ॲम्प्लिफायरसाठी केलेल्या नियमात मोजणीपूर्वी यंत्र एक-तृतीयांश शक्तीवर तासभर चालवण्याची अट होती, आणि संकेताचा संबंध तिच्याशी जोडण्याचा मोह होतो. परंतु त्या अटीचा रोख उष्णतेकडे होता. बी वर्गात सर्वाधिक उष्णता पूर्ण शक्तीवर निर्माण होत नाही, तर कमाल शक्तीच्या सुमारे 40 टक्क्यांवर होते. एक-तृतीयांश हा बिंदू त्याच्या जवळचा आहे. शिवाय शक्तीचा तिसरा हिस्सा म्हणजे प्रवाहाचा तिसरा हिस्सा नव्हे. बी वर्गात पुरवठ्याचा प्रवाह शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून एक-तृतीयांश शक्तीवर तो कमाल प्रवाहाच्या 58 टक्के भरतो. याउलट एक-अष्टमांश शक्तीवर तो 35 टक्के, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश येतो. कमिशनने 2000 साली आपली अटही एक-अष्टमांशावर आणली. संगीतातील क्षणिक शिखरे सरासरीच्या बरीच वर असतात. शिखरे कापली जाणार नाहीत इतपत आवाज ठेवला, तर सरासरी शक्ती कमाल शक्तीच्या एक-अष्टमांशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहते. त्यामुळे संकेताची संगती संगीताच्या या स्वरूपाशी लावणे अधिक योग्य ठरते. मात्र डी वर्गात प्रवाह जवळजवळ शक्तीच्याच प्रमाणात घटतो. तेथे हा नियम गरजेपेक्षा मोठा आकडा देतो. सतत घुमणाऱ्या बाससाठी किंवा परीक्षण-स्वरासाठी (चाचणीच्या अखंड स्वरासाठी) तो कोणत्याच वर्गात लावू नये.

वायर मात्र कमाल प्रवाहावरूनच निवडावी. 16 चौरस मिलिमीटरच्या 5 मीटर तांब्याच्या वायरीत 40 अँपिअरला सुमारे 0.2 व्होल्ट दाब पडतो. परतीच्या मार्गाची हानी वेगळी. मुख्य फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ बसवतात, कारण तो ॲम्प्लिफायरचे नव्हे, वायरचे रक्षण करतो. ॲम्प्लिफायरवरील फ्यूजच्या अँपिअरवरून प्रवाह ताडण्याची पद्धतही प्रचलित आहे. तिने फार तर ढोबळ वरची मर्यादा कळते. फ्यूज थोडा जादा प्रवाह काही काळ सहन करतो, हे त्यात विसरले जाते.

बॅटरीचा दाब घसरला की नियंत्रित परिवर्तकाचा (आतील दाब स्थिर राखणारा) ॲम्प्लिफायर तेवढ्याच शक्तीसाठी अधिक प्रवाह ओढतो. अनियंत्रिताची शक्ती व प्रवाह दोन्ही उतरतात.

प्रत्यक्ष मोजणीसाठी एकदिश प्रवाह (डीसी) मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवायचा मीटर) लागतो. केवळ एसीसाठी बनवलेला मीटर येथे निरुपयोगी ठरतो.