उडीद बुडेल इतके पाणी

आचमनाला पाणी किती घ्यावे याचे माप जुन्या विधिग्रंथांत दिलेले आहे: तळहाताच्या खळग्यात उडदाचा एक दाणा बुडेल इतके. त्याहून जास्त नाही, कमीही नाही. आजोबा संध्येला बसत तेव्हा पळीतून हातावर पडणारे ते पाणी मी लहानपणी रोज पाहिले, पण ते मोजून घेतात हे मला फार उशिरा कळले. परवा औषधाची सिरिंज आणि उडदाचा दाणा घेऊन मी ते माप काढले. माझ्या तळहातावर साधारण दोन मिलीलिटर भरले.

हा उद्योग मी केला तो एका वेगळ्याच आकड्यामुळे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की त्यांच्या जेमिनी या एआयला विचारलेल्या सर्वसाधारण लेखी प्रश्नामागे ०.२४ वॉट-तास वीज आणि ०.२६ मिलीलिटर पाणी खर्च होते. पाण्याचे पाचच थेंब. हे वाचून अनेकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मला मात्र वाटले, ज्या समाजाने हातावरचे पाणी उडदाने मोजले, त्याने हे पाच थेंबही नीट मोजायला हवेत.

मुळात उत्तर देणाऱ्या यंत्राला पाणी लागतेच कशाला? याचे उत्तर घरातल्या माठात आहे. माठाच्या पृष्ठभागावर पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. पाण्याची वाफ व्हायला जी उष्णता लागते तिला शाळेच्या पुस्तकात बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणतात. नेहमीच्या तापमानाला तो एका ग्रॅममागे सुमारे २४३० जूल असतो. डेटा सेंटरमधल्या, म्हणजे एआय चालवणारे हजारो संगणक ठेवलेल्या इमारतीतल्या, चिपा जेवढी वीज खातात तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ती हटवली नाही तर चिपा काही मिनिटांत बंद पडतील. म्हणून अनेक ठिकाणी कूलिंग टॉवर उभारतात. कूलिंग टॉवर म्हणजे पंखा लावलेला अवाढव्य माठ. एक युनिट वीज म्हणजे हजार वॉट-तास, अर्थात ३६ लाख जूल. तेवढी उष्णता नुसत्या बाष्पीभवनाने घालवायची तर जवळजवळ दीड लिटर पाणी उडवावे लागते. याच हिशोबाने ०.२४ वॉट-तासाला एक तृतीयांश मिलीलिटर येते. म्हणजे गूगलचा आकडा पदार्थविज्ञानाला धरून आहे, त्यात खोट नाही.

पण तो आकडा डेटा सेंटरच्या कुंपणाशी थांबतो. वीज तयार करताना जे पाणी गेले ते त्यात धरलेले नाही, आणि आपल्याकडे तर खरी गोष्ट तिथेच सुरू होते.

ठाण्याहून बेलापूरकडे जाताना ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात खिडक्या नसलेल्या उंच इमारती दिसतात. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा जवळपास निम्मा वाटा मुंबई परिसरात आहे. समुद्राखालून येणाऱ्या केबली इथेच किनाऱ्याला लागतात, आणि बँका, शेअर बाजारही इथेच. मात्र मुंबईच्या दमट हवेत माठातले पाणी नागपूरसारखे गार होत नाही. ज्या कारणाने नागपूरचा कूलर मुंबईत कुचकामी ठरतो, त्याच कारणाने इथे बाष्पीभवनावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. मग मोठ्या फ्रिजसारखे काम करणारे चिलर बसवतात. पाणी वाचते, वीज वाढते.

ही वीज येते कुठून? भारतातली सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही कोळशापासून होते. कोळशाच्या केंद्रात वाफेने टर्बाइन फिरवल्यावर ती वाफ पुन्हा थंड करावी लागते, म्हणजे पुन्हा तोच माठ, हजारपट मोठा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांसाठी पाण्याची कमाल मर्यादा घातली: एका मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटर. घरगुती भाषेत, एका युनिटला साडेतीन लिटर. आता तोच ०.२४ वॉट-तासाचा प्रश्न अशा विजेवर चालवून पाहा. वीजकेंद्रातच ०.८४ मिलीलिटरपर्यंत पाणी जाते. डेटा सेंटरचे पाच थेंब त्यात मिळवले की १.१ मिलीलिटर होते, जाहीर आकड्याच्या चौपटीहून थोडे जास्त. दोन प्रश्न विचारले की एक आचमन.

हे पाणी ऐरोलीच्या नळाचे नाही. कुठल्या केंद्रातली वीज कुठल्या सर्व्हरला गेली हे जाळ्यात वेगळे काढता येत नाही, पण चंद्रपूर, कोराडी, परळी अशा गावांच्या पाण्यावर ती उभी आहे एवढे नक्की. परळीचे नाव मी मुद्दाम घेतले. तिकडे पुन्हा येतो.

दोन मिलीलिटरचा एवढा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी म्हणेल. एका माणसाच्या एका प्रश्नापुरते हे पाणी खरोखरच क्षुल्लक आहे. एका लेखी प्रश्नासाठी कोणी अपराधी वाटून घेऊ नये असेच मी म्हणेन. प्रश्न बेरजेचा आहे, आणि ती बेरीज कुठे व केव्हा होते याचा आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात वेस्ट डे मॉइन या गावाजवळ मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटरे आहेत. चॅटजीपीटीमागच्या जीपीटी-४ या एआयला तिथेच प्रशिक्षण दिले गेले. जुलै २०२२ या एका महिन्यात या केंद्रांनी सुमारे १ कोटी १५ लाख गॅलन पाणी घेतले. ते सव्वाचार कोटी लिटरच्या वर जाते, म्हणजे त्या पाणीपुरवठा क्षेत्रातल्या एकूण वापराच्या ६ टक्के. वर्षातला बराच काळ तिथे बाहेरच्या थंड हवेवर भागते. पारा साधारण २९ अंशांच्या वर गेला की पाणी सुरू होते. म्हणजे माणसांना, शेतीला, गुरांना तहान लागते त्याच दिवसांत यंत्रालाही तहान लागते.

बेरीज किती वेगाने वाढते आहे? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगातल्या सगळ्या डेटा सेंटरांनी मिळून २०२४ मध्ये ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या वापराच्या ती दीड टक्का होते. २०३० पर्यंत हा आकडा ९४,५०० कोटी युनिटांवर जाईल असा अंदाज आहे. आज सबंध जपान जेवढी वीज वापरतो त्याहून हे थोडे जास्तच. सगळी वाढ एआयची नाही, पण तिला सर्वांत जोराने ढकलणारा एआयच आहे. यंत्रे काटकसरी होत आहेत हेही खरे. एका वर्षात एका प्रश्नाची वीज ३३ पटींनी घटवली असे गूगल सांगते. पण त्याच कंपनीच्या डेटा सेंटरांचा एकूण वीजवापर २०२४ मध्ये २७ टक्क्यांनी वाढला. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच नोंदवले होते: वाफेची इंजिने कोळसा कमी खाऊ लागली तशी ती जास्त ठिकाणी बसली आणि देशाचा कोळसा आणखी जळाला.

धर्म आणि एआय असा विषय निघाला की बोलणे भलतीकडे जाते. क्योटोच्या कोदाइ-जी या बौद्ध मंदिरात २०१९ पासून माइंडार नावाचा यंत्रमानव प्रवचन देतो. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या एका चॅपलमध्ये २०२४ मध्ये कबुलीजबाबाच्या खोलीत पडद्यावरचा येशू भाविकांशी बोलत होता. आपल्याकडे गीतेच्या आधारे उत्तरे देणारे चॅटबॉट आले. हे सगळे लक्ष वेधून घेते, पण यंत्र गुरू होऊ शकते का यापेक्षा यंत्राला पाजायचे किती हा प्रश्न मला जास्त धार्मिक वाटतो.

व्हॅटिकनने २८ जानेवारी २०२५ ला ‘अँटिक्वा एट नोव्हा’ हा एआयवरचा दस्तऐवज काढला, तेव्हा हे दोन्ही धागे त्यात एकत्र आले म्हणून मी तो लक्षपूर्वक वाचला. त्यात क्लाउड या शब्दालाच हात घातला आहे. ढग म्हटले की माहिती कुठेतरी अधांतरी तरंगते असा भास होतो, प्रत्यक्षात ती यंत्रे, केबली आणि ऊर्जा यांवर उभी आहे, असे तो सांगतो. पुढे मूर्तिपूजेचा विषय येतो. बायबलच्या स्तोत्रातल्या मूर्तींना तोंड असूनही बोलता येत नव्हते, एआयची ही नवी मूर्ती मात्र बोलते किंवा बोलल्यासारखे भासवते, म्हणून तिचा मोह जास्त, असा तो इशारा आहे. मूर्तीविषयीची ही दृष्टी ख्रिस्ती परंपरेची आहे. आपण ज्या विठ्ठलापुढे उभे राहतो त्याच्याशी आपले नाते वेगळे आहे, त्यामुळे तो युक्तिवाद मी जसाच्या तसा घेत नाही. ढगाचा मुद्दा मात्र पुरता पटतो. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव का घेतले ते सांगताना एआयचा उल्लेख केला. तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये पहिल्या औद्योगिक क्रांतीतल्या कामगारांच्या हक्कांवर परिपत्रक काढले होते. आताची क्रांती एआयची आहे, असे नवे पोप म्हणाले.

पाण्याच्या बाबतीत धर्मांकडे याहून जुनी शिदोरी आहे. वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुताना, पाणी उधळू नये, वाहत्या नदीच्या काठी असलात तरीही, अशी पैगंबरांची शिकवण हदीसमध्ये आहे. जैन परंपरेत पाणी हाच जीव आहे. पाणी गाळल्यावर फडक्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत परत सोडायचे असा आचार आहे. जलशास्त्रात पाणी उचलणे आणि पाणी संपवणे यांत फरक करतात, तो इथे आचारात उतरलेला दिसतो. कूलिंग टॉवरमधून उडालेली वाफ कुठेतरी पाऊस होऊन पडेलच, पण त्या विहिरीत परत येईल असे नाही. आणि आपण दान देताना हातावरून पाणी सोडतो, ‘न मम’ म्हणतो. मराठीत एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे याचा अर्थच हक्क सोडणे असा झाला आहे.

धर्माचे स्वतःचे हिशोब स्वच्छ आहेत असे मात्र नाही. २०१५ च्या सिंहस्थात, दुष्काळी वर्षात, शाही स्नानासाठी गंगापूर धरणातून पाणी सोडण्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. उलट यंत्राचे सगळे पाणी वाया जाते असेही नाही. २०२५ च्या खरिपात केंद्र सरकारने एआयच्या मदतीने केलेले पावसाचे अंदाज सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवले. पेरणी आठवडाभर थांबवायची की नाही हे ठरवायला त्यातून मदत झाली असेल, तर ते दोन मिलीलिटर सत्कारणी लागले. फोटोला कार्टूनचे रूप द्यायला गेलेले पाणी मी त्याच रांगेत बसवू शकत नाही. युरोपीय संघाने ५०० किलोवॉटच्या वरच्या डेटा सेंटरांना वीज आणि पाणी दोन्हींचे आकडे कळवणे २०२४ पासून सक्तीचे केले. ऐरोलीच्या त्या इमारतींचे आकडेही, त्यांच्यामागच्या वीजकेंद्राच्या पाण्यासकट, आपल्याला वाचायला मिळायला हवेत. किती पाणी कशासाठी, हे ठरवायला आधी ते दिसले पाहिजे.

आता परळी. वैजनाथाचे हे गाव. पिंडीवर टांगलेल्या गळतीतून थेंब थेंब पाणी पडते हे तिथल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्याच गावात औष्णिक केंद्राच्या चिमण्या आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये, मराठवाड्याच्या दुष्काळात, ते सबंध केंद्र बंद करावे लागले. कोळशाअभावी नाही. थंड करायला पाणी उरले नव्हते.